होलिसतात्यांना जिंकवायच्या कटाचा खुलासा

टॉलिव्हर तलाव, केंटकी
ऑक्टोबर संपत आला

तीर्थस्वरूप लमारदाजी यांस रॉयसचा दोन्ही कान धरून नमस्कार.

तुमची, ताईची आणि तुमच्या त्या ॲरिझोनाच्या वाळवंटाची तब्येत ठीक असेल अशी आशा करतो. ताईची तर ठणठणीत असणार, कारण रविवारी फोनवर तिनं मला जे ऐकवलं त्याला फुप्फुसं दणकट लागतात. (आमची सौभाग्यवती जुनेल स्वयंपाकघरात होती आणि फोन माझ्या कानाला होता, तरी तिला शब्द न् शब्द कळला. त्यातले दोन शब्द तिला फार आवडले आणि सोमवारपासून ती ते माझ्यावर वापरते आहे.) तुम्ही स्वतः फोनवर आला नाहीत. ताई म्हणाली, त्यांना तुझा आवाज ऐकायचा नाही. ठीक आहे. म्हणून हे पत्र. पत्राला आवाज नसतो आणि मध्येच कुणाला तोडताही येत नाही, हे त्यातले दोन मोठे गुण. इकडे सर्व क्षेम आहे. गावात कुणी माझ्याशी बोलत नाही, वेंडेल न्हाव्यानं माझे केस कापायला नकार दिलाय, आणि परवा चर्चमध्ये मी बसलो तो अख्खा बाक रिकामा झाला. आमच्या पाद्रीबाबांच्या प्रवचनाला पाय पसरून झोपायला मिळालं, ही त्यातली जमेची बाजू.

आता मुद्द्यावर येतो. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो, म्हणजे माझी बाजू नीट बसेल. तुमचे वडील, आमचे होलिसतात्या, तिकडे तुमच्याकडे राहायला यावेत म्हणून तुम्ही तीन वर्षं त्यांच्या मागे लागला आहात. ते चूल चालू ठेवून तलावावर जातात, धक्क्याच्या पायऱ्यांवरून घसरतात, हे मीही पाहिलंय. तीन वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या जेवणात तुम्ही फारच धरून बसलात तेव्हा टर्कीची तंगडी हातात उंच धरून ते म्हणाले, "ऑक्टोबरचा मासे धरायचा सामना आणखी एकदा जिंकलो की येतो. त्याआधी मला इथून हलवायचं नाव काढू नका." म्हातारा बोलला ते बोलला. आणि तेव्हापासून हरतोच आहे. ज्या माणसानं या तलावातले अर्धे बास मासे नावानिशी ओळखावेत, तो दर ऑक्टोबरात होडीतली मासे ठेवायची टाकी रिकामी घेऊन यायला लागला. आम्ही म्हटलं, वय झालं. तुम्ही म्हणालात, बाबांना मदत करायला हवी. यंदा तुम्ही गावातल्या एकेकाला फोन केलात, आणि अख्ख्या गावानं हरायचं ठरवलं. ताईला तर इतकी खात्री, की तिनं ऑगस्टमध्येच येऊन तात्यांचे कपडे खोक्यांत भरून नेले. एवढंच नाही, तुम्ही तात्यांचा होडीतला जोडीदार म्हणून वेंडेलला बसवलं, आणि वेंडेलनं आदल्या दिवशी, वजनाला चालतात तेवढे, पाच तगडे मासे पकडून आपल्या धक्क्याखाली जाळीच्या पिंजऱ्यात ठेवले. जेवणानंतर तात्यांना डुलकी लागली की ते गुपचूप त्यांच्या टाकीत सोडायचे. (लबाडी केली ती दुसऱ्याला जिंकवायला, म्हणून पाप लागत नाही, असा निर्वाळा पाद्रीबाबांनी दिला होता. त्याबद्दल त्यांनी वेंडेलकडून फुकटात दाढी करून घेतली.)

कट चोख होता. तुम्ही फक्त एक गोष्ट विसरलात. माझी सासू.

होडीत दोघं लागतात. माझा जोडीदार पाठदुखीनं आडवा झाला आणि सासूबाई म्हणाल्या, मी येते. बक्षिसाला दरवर्षीप्रमाणे धुरावलेली अख्खी डुकराची मांडी होती, आणि सासूबाईंचा, म्हणजे ओपलाइनबाईंचा, त्या मांडीवर गेली कित्येक वर्षं डोळा आहे. आता त्यांना कट सांगायचा म्हणजे तो रेडिओवरच सांगणं. बाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. तेव्हा त्यांना काही न सांगता, त्यांच्यासमोर, मन लावून हरायचं, अशी माझ्यावर वेळ आली. मी मनात म्हटलं, रॉयस, तू आजवर एकदाही जिंकला नाहीस, ते सगळं प्रयत्न करून. आता तर प्रयत्नही करायचा नाहीये. यापेक्षा सोपं काम जगात नाही.

दाजी, सोपं काम कसलं! तुम्ही तिकडे निवडुंगात राहून विसरला असाल म्हणून आठवण करून देतो. पानगळीत पाणी थंडावलं की शॅडच्या रुपेरी मासोळ्या झुंडीनं ओढ्यांच्या आत, अगदी टोकापर्यंत शिरतात, आणि बास त्यांच्या मागोमाग. थंडीआधी पोट भरून घ्यायचं असतं त्यांना. तेव्हा पांढरं नाहीतर रुपेरी काहीतरी, लहानसं, झपझप ओढायचं, बुडालेल्या खोडांना ठोकत ओढायचं. हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. म्हणून मी नेमकं उलट केलं. होडी नेली तलावाच्या मधोमध, जिथं खाली नुसता अंधार. बांधला काय, तर वीतभर लांबीचा, काळाजांभळा रबरी किडा, जो जून महिन्यात तळाशी टाकतात. टाकला, आणि ओढायचाच नाही असं ठरवून कॉफी पीत बसलो. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मासा काय चालत येऊन पाया पडणार आहे?" मी म्हटलं, हे नवं तंत्र आहे. आणि तेवढ्यात दोरी सरकायला लागली. तिथं मासा असण्याचं काहीही कारण नव्हतं. त्यालाही बहुधा घरच्यांनी बाहेर काढलं असेल. मी गळाची काठी सैल सोडली, दोरी ढिली सोडली, मासा सुटावा म्हणून जे जे करू नये असं तुम्ही मला शिकवलंत ते सगळं केलं. पण सासूबाईंनी दांड्याची जाळी उचलली. ज्या बाईनं सहा मुलं आणि अकरा नातवंडं पळता पळता पकडून न्हाऊ घातली, तिच्या जाळीतून मासा काय सुटतो! टाकीत टाकून त्यांनी त्याला नावही ठेवलं, ताईचं, कॉरीन. कारण म्हणे तो सारखा तोंड हलवत होता. (ताईला हे वाचून दाखवू नका.)

नाव ठेवलेला मासा गुपचूप पाण्यात सोडता येत नाही, कारण बाई दर दहा मिनिटांनी झाकण उघडून त्याची विचारपूस करतात. मग मी दुसरा उपाय केला. बेडूक बांधला. रबरी, हिरवा, कमळाच्या पानांवरून ओढायचा. आता ऑक्टोबरात पानं कुठली? उघड्या, गार पाण्यात तो बेडूक असा दिसत होता, जसा लग्नाला चुकीच्या दिवशी आलेला पाहुणा. शिवाय मी तो मुद्दाम वेडावाकडा फेकला, तर रिळावर दोऱ्याचा असा गुंता झाला की देवाला सोडवता येणार नाही. मला आनंद झाला. म्हटलं, आता तासभर हा गुंता सोडवत बसू. मान खाली घालून नखानं एकेक पदर काढतोय, बेडूक बापडा वीस हातांवर निपचित पडलाय, आणि फट्! पाणी उडालं, काठी माझ्या मांडीवरून निसटली, ती सासूबाईंनी एका हातानं धरली आणि दुसऱ्या हातानं जाळी मागितली. मला, म्हणजे जावयाला, हुकूम सोडून! त्याचं नाव ठेवलं पाद्रीबाबा, पोटावरून.

तिसऱ्या वेळेला मी लाजच सोडली. माझ्या नातीनं उन्हाळ्यात आमिषाच्या एका लाकडी मासोळीला नखांचं गुलाबी रंगपाणी लावलं होतं, वर चमकी टाकली होती, आणि डोळे काढले होते ते शेपटीकडे. म्हणजे ती पाण्यात उलटी पोहते आहे असं वाटतं. ती बांधली. आमिषांच्या पेटीत तिच्यापेक्षा वाईट काही नव्हतं. दाजी, पहिल्याच फेकीला! त्या माशाला अक्कल नव्हती की तो हसता हसता गिळून बसला, देव जाणे. तीस वर्षं मी योग्य आमिष, योग्य जागी, योग्य वेगानं ओढून उपाशी घरी आलो, आणि ज्या दिवशी हरायला निघालो त्या दिवशी अख्खा तलाव माझ्यावर प्रसन्न झाला. तुमच्यापैकी कुणी प्रार्थना तर केली नव्हती ना? केली असेल तर पत्ता चुकला.

दुपारी आम्ही तात्यांच्या होडीला होडी लावली. सासूबाईंनी त्यांच्यासाठी मऊ बिस्किटपावात विकतच्या मांडीचे काप घालून दिले होते. (बाईंनी ते पहाटे उठून केले होते. मला दिला तो आदल्या दिवशीचा उरलेला पाव.) वेंडेल मागे बसून आधीच खायला लागला होता. तात्या पुढे, गुडघ्यावर घोंगडी, नाक लाल. मी पुडकं द्यायला वाकलो. म्हटलं, तात्या, तुमचं ते नेहमीचं आमिष, ती पांढरी फिरकी, कुठंय, ऑक्टोबरात तिच्याशिवाय तुम्ही दुसरं काही बांधत नाही? म्हणाले, "हरवली." मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पायाशी फळीवर ठेवली आणि म्हणाले, "ओपलाइननं लोणचं नाही दिलं का रे?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "बरं." एवढंच बोलणं झालं. आम्ही निघालो.

त्यानंतर काय झालं ते मला स्वतःलाच नीट कळलं नाही. वारा सुटला आणि आमची होडी वाहत वाहत गंजक्या पुलाच्या ओढ्यात शिरली, अगदी आतपर्यंत. होडीची मोटार लावेपर्यंत आम्ही टोकाला पोचलो होतो, जिथं मासोळ्यांनी पाणी नुसतं उकळत होतं. पेटीत हात घातला तर हाताला पांढरी फिरकी लागली, न बघताच बांधली गेली. ओढली तीही झपझप, कारण मला थंडी वाजत होती. एक चांगला लागला. मग एका बुडालेल्या खोडाला फिरकी ठोकली गेली आणि दाजी, असा मासा लागला, असा मासा, की काठी कमानीसारखी वाकली आणि मला तुमची आठवण झाली. मी तो सोडायचा खूप प्रयत्न केला. पण सासूबाई जाळी घेऊन अर्ध्या होडीबाहेर लोंबकळत होत्या. माझा इलाज चालला नाही. त्याचं तोंड सगळ्यात मोठं म्हणून बाईंनी त्याला तुमचं नाव ठेवलं.

संध्याकाळी वजनाला धक्क्यावर सगळे जमले. एकेक होडी येते आणि टाकी रिकामी. कुणी म्हणतो मोटार बंद पडली, कुणी म्हणतो पाणी गढूळ, एक जण तर गळ घरीच विसरलो म्हणाला आणि वर हसला. सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "गावाला एकदम लकवा भरला की काय!" मग वेंडेलनं तात्यांच्या टाकीचं झाकण उघडलं आणि एकामागून एक पाच मासे काढले. टाळ्या, शिट्ट्या! तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. टाकीत वाकून त्यांनी दोनदा पाहिलं. आम्हाला वाटलं, आनंदानं म्हाताऱ्याची वाचा बसली. वेंडेल तर डोळे पुसत होता. तेवढ्यात सासूबाईंनी आमची टाकी उघडून नावं पुकारायला सुरुवात केली. कॉरीन. पाद्रीबाबा. गुलाबी. पुलाखालचा. आणि शेवटी लमार. काटा तात्यांच्या आकड्याच्या जेमतेम मूठभर पुढे जाऊन थांबला. लोकांनी वर उचललेल्या टोप्या परत डोक्यावर घातल्या. एकट्या सासूबाई मांडीला मिठी मारून नाचत होत्या. तात्या हळूहळू माझ्याजवळ आले, माझ्या पाठीत अशी थाप मारली की कॉफी वर आली, आणि घरी गेले. त्यांचे डोळे भरलेले होते. सगळे माझ्याकडे असे पाहत होते की जणू मी अनाथाश्रमाला आग लावून आलोय.

तर असा हा सगळा नशिबाचा खेळ. माझा यात काडीइतकाही दोष नाही. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करू. ताईला साष्टांग, आणि तिचा राग शांत झाला असल्यास आशीर्वाद.

आपला अभागी, नशिबानं जिंकलेला मेहुणा,
रॉयस

ता. क. मांडीचा एक मोठा तुकडा वेगळा पाठवतोय. सासूबाईंच्या नकळत कापलाय, तेव्हा पोचल्याचं कळवू नका.

ता. क. २. जुनेलनं पत्र वाचलं. म्हणाली, "त्या दिवशी वारा कुठं होता? माझी धुणी दिवसभर दोरीवर सरळ लोंबत होती." तर वारा नव्हता. मोटार मीच लावली. फिरकी मीच शोधून बांधली, पेटी उलटी करून. आणि सासूबाईंना जाळी घालायला मीच ओरडून सांगितलं, "सोडू नका, काही झालं तरी सोडू नका!" त्या हे गावभर सांगतायत, पण त्या सगळंच सांगतात म्हणून कुणी ऐकत नाही. कारण असं. पुडकं द्यायला वाकलो तेव्हा तात्यांच्या पायाशी फळीवर त्यांची लाकडी मासोळी पडली होती. तिच्या गळांची सगळी टोकं पकडीनं कापलेली. सगळी, दाजी. नुसत्या गुळगुळीत वाकड्या तारा. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. म्हणून तर टोपी काढून तिच्यावर ठेवली आणि लोणच्याचं विचारलं. म्हातारा म्हणाला होता, जिंकलो की येतो. आपण सगळे गाढव, आपल्याला वाटलं त्याला जिंकायचंय. आणि तिकडे वेंडेलचा पिंजरा तयार. तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं?

ता. क. ३. आता खरं काम. मी उभ्या आयुष्यात एक दिवस हरण्यासाठी गळ टाकला, आणि तेवढ्यानं मला रात्री जेवण गेलं नाही. तात्या तीन वर्षं तेच करतायत, ते सुद्धा या तलावावर, जिथं त्यांना कुणी हरवू शकत नाही. तेव्हा तुम्ही त्यांना एक ओळ लिहा, की बाबा, जिंकलात तरी तुम्हाला कुणी नेणार नाही. बस, एवढंच. पायऱ्यांना मी कठडा ठोकतोय. चुलीचं म्हणाल तर ती बंद आहे की नाही हे बघायला सासूबाई रोज संध्याकाळी तिकडे जातात. लोणचं घेऊन जातात. बराच वेळ बघतात. त्याबद्दल मला काही विचारू नका, मी काही विचारलेलं नाही.

ता. क. ४. ताईनं नेलेल्या खोक्यांत तात्यांचा जाड तपकिरी कोट आहे, तो आधी पाठवा, इथं दव गोठायला लागलंय. तो त्यांनी स्वतः घडी करून खोक्यात ठेवला होता. काल म्हणाले, "लमारला सांग, उजव्या खिशात हात घालताना जपून. माझी पांढरी फिरकी आहे त्यात, आणि तिची टोकं मी कापलेली नाहीत."